घाटाची आठवण कोण राखणार?

कोल्हापूरहून पश्चिमेस निघालेला रस्ता कळे आणि साळवण ही गावे मागे टाकून सुमारे ५५ किलोमीटरांवर गगनबावड्यास पोहोचतो आणि तेथे सह्याद्रीच्या कड्याशी येऊन दुभंगतो. एक फाटा करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या दिशेस जातो. जिल्ह्यातील सर्वांत कमी लोकवस्तीचा हा तालुका. येथे मोठी बाजारपेठ नाही, कारखानदारीचा गजबजाट नाही आणि रेल्वे तर आजवर आलेलीच नाही. तरीही देश आणि कोकण यांच्यामधील दळणवळणाचा इतिहास ज्याला समजून घ्यावयाचा असेल, त्याला हे गाव टाळून पुढे जाता येणार नाही. अशा या गावी वाहतुकीचे एक लहानसे संग्रहालय असावे, आणि ते सरकारने बांधून दिलेले नसून लोकांनी चालविलेले असावे, अशी सूचना कोणी केली तर ती प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु ती गंभीरपणे विचारात घेण्याजोगी आहे आणि तिला वेळेची मर्यादा आहे.

गगनबावड्याचा इतिहास हा वाटांचा इतिहास आहे. बावड्याची जहागीर पंत अमात्यांची. या घराण्याचे कर्तृत्ववान पुरुष रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात, गडावर येणाऱ्या वाटा सुगम असू नयेत, असा स्पष्ट उपदेश आहे. राज्याच्या रक्षणासाठी वाट अवघड ठेवावी हा त्या काळाचा विचार होता. पुढे राज्ये गेली, शांतता आली आणि विचार उलटा झाला. वाट जितकी सोपी तितका मुलूख सुखी, असे मानले जाऊ लागले. पाठीवर गोणी लादलेल्या बैलांच्या तांड्यांनी घाटवाटा तुडवाव्यात, खालून मीठ आणि नारळ वर यावेत, वरून गूळ आणि धान्य खाली उतरावे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. रस्ते झाले तशा बैलगाड्या आल्या, बैलगाड्यांच्या मागून मोटारी आल्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि त्यानंतरच्या काही दशकांत एस. टी. हे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांचे खरे वाहन ठरले. गगनबावड्यास एस. टी.चे स्वतंत्र आगार आहे, ही गोष्ट या ठिकाणाचे महत्त्व सांगण्यास पुरेशी आहे.

रेल्वेची कथा निराळी. कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने मिरज-कोल्हापूर लोहमार्ग बांधला व तो १८९१ साली सुरू झाला. मीटर मापाचा तो मार्ग १९७१ मध्ये रुंद झाला. परंतु कोल्हापूरच्या पश्चिमेस रूळ एक पाऊलही पुढे सरकले नाहीत. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि घाटाच्या पायथ्याशी वैभववाडीस स्थानक आले. म्हणजे घाटाच्या दोन्ही बाजूंस रेल्वे आहे. मधला डोंगर तेवढा बाकी आहे. सुमारे १०७ किलोमीटर लांबीच्या कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात स्थान मिळाले. रूळ मात्र अद्याप पडलेले नाहीत. दरम्यान रस्ता बदलला. रुंदीकरण आणि काँक्रीटीकरण यांसाठी करूळ घाट जानेवारी २०२४ पासून दीर्घकाळ वाहतुकीस बंद राहिला आणि पुन्हा खुला झाला तो नव्या रूपात. हा बदल स्वागतार्हच आहे. पावसाळ्यात दरडीखाली जीव मुठीत धरून गाडी नेणाऱ्यांना जुन्या घाटाचे कौतुक सांगत बसणे हा अविचार होईल. प्रश्न एवढाच आहे, की जुना रस्ता पुसला जात असताना त्याच्याबरोबर आणखी काय पुसले जात आहे, याची नोंद कोणी घेत आहे काय?

राजाची मोटार आणि रयतेची गाडी

जुन्या वस्तू जपण्याची जाण कोल्हापूरकरांना नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या सोहळ्यास बाहेर निघते आणि तिला पाहण्यासाठी लोक दुतर्फा उभे राहतात. नव्या राजवाड्यातील संग्रहालयात संस्थानी वैभवाची साधने नीट मांडून ठेविली आहेत. कणेरी मठाने खेड्यातील बलुतेदारांचे जीवन पुतळ्यांच्या रूपाने उभे केले आहे. हे सारे प्रशंसनीय आहे. परंतु ज्या लाल गाडीने तीन पिढ्यांना शाळेत, बाजारात, दवाखान्यात आणि सासरी पोहोचविले, त्या गाडीचे काय? मुदत संपली की ती भंगारात निघते, लिलावात जाते आणि वितळून जाते. तिच्या वाहकाच्या गळ्यातील कातडी पिशवी, तिकिटांची पत्र्याची पेटी, तिकिटाला भोक पाडणारा पंच, वेबिलाचे कागद, खेड्यात रात्री मुक्कामास जाणाऱ्या वस्तीच्या गाडीचा फलक, यांतील किती वस्तू आज पाहावयास मिळतील? यंत्रातून निघणारे तिकीट घेणाऱ्या आजच्या मुलाला ती पेटी हे एक कोडेच वाटेल.

वस्तू एक वेळ अडगळीत सापडतील. जे सापडणार नाही ते माणसांजवळचे ज्ञान आहे. भरलेली गाडी घाटात उतरविताना गिअर कोठे बदलावा, ब्रेक तापू लागला हे कशावरून ओळखावे, धुक्यात समोरची कड दिसेनाशी झाली म्हणजे कशाच्या आधाराने वळण घ्यावे, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते निवृत्त चालकांना ठाऊक आहे. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा कोणत्या लाकडाचा असावा, आरे किती असावेत, लोखंडी धाव तापवून लाकडी चाकावर कशी चढवावी आणि पाणी ओतून ती कशी आवळावी, हे सुतार आणि लोहार यांनी मिळून जपलेले शास्त्र होते. रबरी टायरची गाडी आली आणि एका पिढीत ते शास्त्र निकामी झाले. निकामी झालेले ज्ञान निरुपयोगी असतेच असे नाही. पण ते सांगणारा माणूस गेला की त्याचा उपयोग काय होता हे विचारण्याचीही सोय उरत नाही.

सरकारी संग्रहालयांची मर्यादा

वाहतुकीची संग्रहालये आपल्याकडे नाहीत असे नाही. दिल्लीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली उघडले. नागपुरात मोतीबागेत २००२ साली अरुंद मापाच्या रेल्वेचे संग्रहालय झाले, आणि त्यानंतर अवघ्या १३ वर्षांनी, २०१५ मध्ये, नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मापाची गाडी बंद झाली. संग्रहालय आधी झाले म्हणूनच त्या गाडीची काही खूण आज शिल्लक आहे, असे म्हणावयास हरकत नाही. मुंबईत १८७४ साली घोड्यांनी ओढलेली आणि १९०७ पासून विजेवर चाललेली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी थांबली. बेस्ट उपक्रमाने आपले वाहतूक संग्रहालय सुरू केले ते त्यानंतर वीस वर्षांनी, १९८४ मध्ये. जाग उशिरा येणे हा अशा बाबतीतला सर्वसाधारण नियमच दिसतो.

या संस्थांचे काम मोलाचे आहे. शेकडो टन वजनाची इंजिने आणणे, ठेवणे आणि त्यांवर छप्पर घालणे हे सरकारी बळावाचून होणारे नव्हे. परंतु सरकारी संग्रहालयाची एक स्वाभाविक मर्यादा असते. तेथे वस्तू असते, फलक असतो, पहारेकरी असतो. वस्तूशी जन्माचे नाते असलेला माणूस बहुधा नसतो. अनेक रेल्वे स्थानकांबाहेर रंगवून चौथऱ्यावर बसविलेली जुनी इंजिने आपण पाहतो. त्यांच्यापुढे उभे राहून लोक छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. ते इंजिन कोठे धावत होते, किती कोळसा खात होते, त्याच्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या फायरमनची उन्हाळ्यात काय अवस्था होई, हे सांगणारा कोणी तेथे नसतो. शोभेच्या वस्तूपलीकडे त्या यंत्राला मग काही अर्थ उरत नाही.

एकट्याची हौस

सरकारी प्रयत्नाच्या दुसऱ्या टोकास व्यक्तीची हौस आहे, आणि महाराष्ट्राला तिची थोर परंपरा आहे. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून गोळा केल्या. ज्या वस्तूंना लोक अडगळ म्हणत त्यांतून पुण्याचे राजा केळकर संग्रहालय उभे राहिले. पुण्यातच कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून लघुरेल्वेचे संग्रहालय निर्माण झाले. १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. एका मांडणीवर वसविलेले छोटे शहर, त्यातून धावणाऱ्या नाना प्रकारच्या गाड्या आणि आपोआप बदलणारे सिग्नल पाहताना मुलांइतकेच त्यांचे पालकही रमतात. या संग्रहालयाचे वैशिष्ट्य असे, की तेथील रेल्वे चालते. स्थिर वस्तू जे शिकवू शकत नाही ते हलणारी वस्तू क्षणात शिकविते. सिग्नल पडला म्हणून गाडी थांबली, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला सिग्नलची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

परंतु एका व्यक्तीच्या किंवा एका कुटुंबाच्या खांद्यावर उभ्या असलेल्या कार्याला त्या खांद्यांची मर्यादा असते. केळकरांचा संग्रह शासनाच्या छत्राखाली गेला म्हणून टिकला. जोशी कुटुंबाने आपल्या संस्थापकाचा वारसा चालविला हे त्यांचे भूषण. पण गावोगावच्या किती संग्राहकांच्या वाट्याला असे भाग्य येते? संग्राहक गेला, मुले परगावी स्थायिक झाली, घर विकले गेले आणि पेट्या रद्दीवाल्याकडे गेल्या, ही कहाणी आपल्या परिचयाची आहे.

वेल्समधील धडा

सरकार आणि व्यक्ती यांच्यामध्ये एक तिसरा मार्ग आहे, तो संघटित स्वयंसेवकांचा. त्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधील वेल्स प्रांतात सापडते. टॅलिलिन रेल्वे हा तेथील डोंगरातून पाटीचा दगड खाली आणण्यासाठी १८६५ च्या सुमारास बांधलेला छोटा लोहमार्ग. रुळांमधील अंतर अवघे सव्वादोन फूट, लांबी साडेसात मैलांच्या आत. खाण बंद पडली, तरी मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी हयात असेपर्यंत गाडी चालू ठेविली. १९५० साली ते निवर्तले. रूळ गवतात बुडाले होते, इंजिने जीर्ण झाली होती. मार्ग मोडीत निघणार हे उघड होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅम येथे एल. टी. सी. रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने काही रेल्वेप्रेमी एकत्र आले, त्यांनी संस्था स्थापन केली आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी गाडी पुन्हा सुरू केली. स्वयंसेवकांनी वाचवून चालविलेली जगातील ही पहिली रेल्वे. ती आजही चालते. तिच्या टाविन येथील स्थानकालगत अरुंद मापाच्या रेल्वेचे संग्रहालय आहे. रेल्वेच्या इंजिनांवर मुलांसाठी जगप्रसिद्ध गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्री हे येथील आरंभीच्या स्वयंसेवकांपैकी एक. त्यांची अभ्यासिका या संग्रहालयात जशीच्या तशी मांडून ठेविली आहे.

या उदाहरणातील शिकण्याजोगी गोष्ट भावनेपेक्षा शिस्तीची आहे. प्रवाशांना घेऊन धावणारी गाडी हौशी माणसांनी चालवावयाची म्हणजे जोखीम मोठी. म्हणून तेथे स्वयंसेवक आला की त्याला एकदम इंजिनावर चढवीत नाहीत. आधी पुसणे-धुणे, मग भट्टी, मग परीक्षा आणि त्यानंतर चालकाची जागा, अशी पायरी ठरलेली असते. थोडे पगारी नोकर आणि त्यांच्या जोडीला शेकडो स्वयंसेवक अशी व्यवस्था असते. कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी निवृत्त अभियंता. सुट्टीतील आठवडा तेथे घालवितात, हातांना काळे वंगण लावून घेतात आणि परततात. पाहुण्याला माहिती देणारा माणूस हा त्या दिवशी सकाळी स्वतः रूळ तपासून आलेला असतो. त्यामुळे तो जे सांगतो त्यात घोकंपट्टी नसते. संग्रहालय पाहण्यास गेलेल्या माणसाला वस्तू दिसते आणि तिच्याबरोबर तिच्यासाठी कष्टणारा माणूसही भेटतो. आपणही यात काही करू शकू असे त्याच्या मनात येते आणि पाहुण्यांतूनच उद्याचे स्वयंसेवक निर्माण होतात.

हे परक्या देशाचे कौतुक म्हणून सोडून देण्यासारखे नाही, कारण अरुंद मापाच्या रेल्वेच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान पहिल्या रांगेतले आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने अडीच फूट मापाची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू केली. पंढरपूर, लातूर आणि शेवटी १९२७ मध्ये मिरज असा विस्तार होत तिची लांबी २०० मैलांवर गेली. हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो हे तिने दाखवून दिले. बार्शीचा हा अनुभव गाठीशी घेऊन कॅल्थ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक व मॅनिफोल्ड खोऱ्याची रेल्वे उभारली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. म्हणजे एकदा तरी बार्शीने इंग्लंडला शिकविले! ती इंग्लंडमधील रेल्वे १९३४ मध्येच बंद पडली. तेव्हा स्वयंसेवकांची चळवळ जन्मास आलेली नव्हती, म्हणून आज तिच्या मार्गावर पायवाट तेवढी आहे. आणि आपली बार्शी लाइट? या शतकाच्या आरंभी टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण झाले. प्रवाशांच्या आणि मालवाहतुकीच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पंढरीच्या वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिच्या डब्यांतून प्रवास केला, त्या गाडीचा चार-पाच मैलांचा तुकडा चालता ठेवावा, असे बळ मात्र आपण उभे करू शकलो नाही. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या शकुंतला रेल्वेसाठी स्थानिक नागरिकांनी आंदोलने केली, ही गोष्ट आशादायक खरी. पण गाडी थांबल्यानंतर आंदोलन करण्यापेक्षा ती चालू असताना संघटना करणे अधिक फलदायी असते.

आक्षेप आणि उत्तरे

गगनबावड्यास असे संग्रहालय काढण्यावर आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप असा, की ज्या भागात वेळेवर गाडी मिळत नाही तेथे जुन्या गाड्यांचे कौतुक कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. वाड्यावस्त्यांवरील मुलींचे शिक्षण गाडीच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. परंतु संग्रहालय आणि गाडी यांत वैर कशासाठी कल्पावे? कोणत्या सालापर्यंत कोणत्या वस्तीला गाडी जात होती आणि ती कधी थांबली, याची नोंद ज्या गावाजवळ असेल ते गाव आपली मागणी अधिक जोराने मांडू शकेल. स्मरण हे मागणीचे बळ असते, हे कार्यालयात काम केलेल्या कोणासही सांगावयास नको. जुना कागद हातात असला की साहेबाचा सूर बदलतो.

दुसरा आक्षेप पावसाचा. महाराष्ट्रातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत गगनबावड्याची गणना होते. चार महिने पाऊस, धुके आणि ओल. लोखंड गंजेल, कागद बुरसटेल. हे खरेच आहे आणि म्हणून येथे मोठमोठी यंत्रे आणून ठेवण्याचा मोह टाळला पाहिजे. एका पक्क्या छपराखाली एक जुनी एस. टी. गाडी, एक पूर्ण जोडणीची बैलगाडी, अवजारांचे एक दालन आणि कोरड्या खोलीत कागदपत्रे व छायाचित्रे एवढे पुरे आहे. ओलीशी झगडण्याचा उपाय दर आठवड्याला हात फिरविणे हाच असतो. त्यासाठी एखादा नेमलेला नोकर अपुरा पडेल. पाळीपाळीने येणारी दहा माणसे पुरी पडतील.

तिसरा आक्षेप सर्वांत खोचक आहे आणि तो आपल्या स्वभावावर बोट ठेवतो. आपल्याकडे संस्था उत्साहाने निघतात, उद्‌घाटने थाटात होतात, दुसऱ्या वर्षी दोन तट पडतात आणि तिसऱ्या वर्षी कुलूप लागते. हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि याच समाजाने कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० साली निघालेली संस्था आजवर चालविली आहे आणि भारत इतिहास संशोधक मंडळाला शंभरीपार नेले आहे. आजही रविवारी गडांवर जाऊन झाडोरा काढणारे, टाक्यांतील गाळ उपसणारे तरुण याच जिल्ह्यात आहेत. बस फॉर अस फाउंडेशन या एस. टी.प्रेमींच्या संस्थेने 'वारी लालपरीची' हे फिरते प्रदर्शन गाडीत मांडून गावोगाव नेले. हौस आहे, हातही आहेत. त्यांना कायमचे ठिकाण आणि नियम यांची जोड हवी.

काय करता येईल

आरंभ इमारतीने करू नये. इमारतीने आरंभ झालेल्या संस्थांत संग्रहापेक्षा कोनशिलेस महत्त्व येते. पहिल्या वर्षी फक्त आठवणी गोळा कराव्यात. तालुक्यातील आणि घाटाखालच्या गावांतील निवृत्त चालक, वाहक, यांत्रिक, रस्त्यावरील मजूर, गाडीवान, सुतार, लोहार यांची यादी करावी आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात त्याचे साधन आहे. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना याहून चांगले काम कोणते? शाळांतील शिक्षकांनी मुलांना आजोबांचा पहिला घाटप्रवास लिहून आणावयास सांगावे. शंभर निबंधांतून पाच तरी असे निघतील की ज्यांत इतिहासाला उपयोगी माहिती असेल.

कारकुनांचे काम याहून महत्त्वाचे आहे. संग्रहालयाचा प्राण नोंदवहीत असतो. वस्तू कोणाकडून आली, कोणत्या तारखेस आली, ती दान आहे की उसनी, तिची स्थिती काय, हे पहिल्या दिवसापासून लिहिले गेले नाही तर पुढे तंटे होतात आणि वस्तूही हरवतात. आयुष्यभर दफ्तर सांभाळलेला निवृत्त कर्मचारी येथे तज्ज्ञाइतकाच मोलाचा ठरेल. संस्थेची रीतसर नोंदणी, दर वर्षी तपासलेला हिशेब आणि कोणीही एका पदावर ठराविक मुदतीपेक्षा अधिक राहू नये असा नियम, या तीन गोष्टी आरंभीच ठरवाव्यात. संग्रह कोणाही एकाच्या मालकीचा नसावा आणि संस्था विसर्जित झालीच तर तो कोणत्या सार्वजनिक संस्थेकडे जाईल हेही घटनेतच लिहून ठेवावे.

राज्य परिवहन महामंडळाकडून मोठ्या अनुदानाची अपेक्षा करण्याचे कारण नाही. लिलावात काढावयाच्या गाड्यांपैकी एक गाडी, आगाराच्या आवारातील किंवा जवळची थोडी जागा आणि जुने फलक, वेबिले, तिकिटांचे नमुने एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले. त्या गाडीचे इंजिन चालू ठेवण्याचे काम निवृत्त यांत्रिकांनी आय. टी. आय.च्या मुलांना हाताशी धरून करावे. वर्षातून काही ठराविक दिवशी ती गाडी आवारात चालवून दाखवावी, वाहकाने जुन्या पेटीतून तिकीट फाडून द्यावे, धाव बसविण्याचे प्रात्यक्षिक व्हावे. गगनगडावर येणारे यात्रेकरू आणि पावसाळ्यात धुके पाहण्यास येणारे पर्यटक येथे तास-दीड तास थांबतील. शाळांच्या सहलींना कड्यावर उभे राहून दरी पाहण्यापलीकडे काही हेतू मिळेल.

आणखी एक विचार. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे उद्या झालीच, तर सह्याद्री फोडून जाणाऱ्या त्या मार्गाची मोजणी, बोगदे, कामगार आणि जमीन देणारी गावे यांची कथाही कोणीतरी लिहून ठेवावी लागेल. कोकण रेल्वे बांधणारे हात आता थकले आहेत आणि त्यांच्या आठवणी विखुरल्या आहेत. येथे मात्र पहिली कुदळ पडण्यापूर्वीच नोंद घेणारी मंडळी हजर असू शकतील. रेल्वे न पोहोचलेल्या गावात रेल्वेचे दालन असणे यात हसण्यासारखे काही नाही. वाट पाहणे हाही दळणवळणाच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि तो या तालुक्याइतका दुसऱ्या कोणास क्वचितच ठाऊक असेल.

एस. टी.च्या आरंभीच्या दशकांत घाटात गाडी घालणारे चालक आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापलीकडे आहेत. धाव चढविणारे हात त्याहून थोडे उरले आहेत. शासनाचा प्रस्ताव, मंजुरी, निविदा आणि अनुदान या मार्गाने जावयाचे तर पाच-दहा वर्षे सहज जातील, आणि त्यानंतर जी इमारत उभी राहील तीत सांगणारा माणूस नसेल. म्हणून हे काम ज्यांना मंजुरीची वाट पाहावी लागत नाही अशांनी, म्हणजे शिक्षकांनी, कर्मचाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी हाती घेतले पाहिजे. त्यासाठी येत्या रविवारी एक वही घेऊन आगारातील जुन्या माणसांची नावे लिहून काढण्यापलीकडे तूर्त कोणतीही सामग्री लागत नाही.